टाकळकर मॅडमची जागा

टाकळकर मॅडम कंपनीत आल्या त्या दिवशी त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "उद्या तू आली न्हाईस तर काय अडंल?"

मी मनुष्यबळ विभागात. विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. हजेरी, रजा, पीएफ आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याचा केक, ही माझी कामं. नव्या माणसाचं ओळखपत्र करायचं म्हणून मी त्यांचा फोटो मागायला गेले होते, तर बाईंनी मलाच समोर बसवलं. मी जरा विचार केला आणि खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, "केक अडेल."

त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या खोलीतले हिशेबवाले डोकावून गेले. मग गळ्यातल्या दोरीचा चष्मा नाकावर चढवून त्यांनी कागदावर एक चौकोन काढला, त्यात 'वैशाली' लिहिलं, त्यातून एक बाण काढला आणि बाणाच्या टोकाला 'केक' असं लिहिलं. "हसू नको," त्या म्हणाल्या. स्वतः हसत होत्या ते सोडून. "केक कुठून येतो, तुला कोण सांगतं, कुणाला जातो? एखाद्याचा वाढदिवस राहिला तर तो दिवसभर कसं तोंड करून बसतो? हे पण कंपनीचंच काम आहे." आमची दोस्ती तिथून सुरू झाली.

आमची कंपनी बियाण्यांची. जालन्यात राहून बियाण्याशी किंवा लोखंडाशी ज्याचा काही संबंध नाही असा माणूस शोधावा लागतो. मालक रमणशेठ. त्यांच्या आजोबांचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान होतं, वडील बियाण्यात उतरले आणि शेठनी त्याचा पसारा केला. पसारा हाच शब्द बरोबर आहे. विक्रीवाल्यांचं एक सॉफ्टवेअर, उत्पादनवाल्यांचं दुसरं, हिशेबवाल्यांचं तिसरं, आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं नाही. भाऊबंदकीत असतं तसं. आमच्यासाठी बियाणं पिकवणाऱ्या शेतकऱ्यानं आपलं नाव-गाव प्रत्येक खिडकीवर नव्यानं सांगायचं, आणि प्रत्येक खिडकीनं ते नव्यानं चुकवायचं. अशात शेठना कुणीतरी सांगितलं की मोठ्या कंपन्यांत या भानगडीसाठी एक खास माणूस ठेवतात, त्याला एंटरप्राइज आर्किटेक्ट म्हणतात, आणि तसा एक माणूस पुण्याहून अंबडला आयता येऊन राहिला आहे. फक्त तो माणूस बाई आहे.

विजया टाकळकर मूळच्या अंबडच्याच. नवरा अंबडच्या कोर्टात वकील, त्या पुण्यात एका भल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत, असा त्यांचा अर्धा संसार शनिवार-रविवारी झालेला. "म्हटलं आता तरी एका घरात राहून बघावं, जमतं का," असं त्या परत येण्याचं कारण सांगायच्या. पुण्यात इतकी वर्षं काढूनही बोलणं अंबडचंच होतं. रोज अंबडहून एसटीनं यायच्या. पिशवीत कायम घरच्या झाडाची मोसंबी. बसमध्ये त्या सोलायच्या आणि कंडक्टरपासून शेजारच्या लेकुरवाळीपर्यंत सगळ्यांना फोडी वाटायच्या. कार्यालयात येईपर्यंत त्यांच्या हाताला मोसंबीच्या सालीचा वास लागलेला असायचा.

त्यांचं काम काय, हे त्यांनी शेठना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. मी तिथंच होते. "कंपनीत कोण काय करतं, कशासाठी करतं, त्याला माहिती कुठून मिळते, ती पुढं कुठं जाते, कुठल्या मशिनीवर आन् कुठल्या सॉफ्टवेअरवर ते उभं आहे, हे सगळं एका जागी मांडायचं. मंग एक गोष्ट बदलली तर बाकीचं काय काय हलंल, ते बदलायच्या आधी सांगायचं."

शेठ म्हणाले, "बराबर. म्हणजे मॅनेजर."

"न्हाई."

"कम्प्युटरवाले?"

"न्हाई."

"ऑडिटर!"

"बिलकुल न्हाई."

"मंग वैशालीनं हुद्दा काय लिहायचा?" शेठनी विचारलं, आणि दोघंही माझ्याकडं बघायला लागले. हजेरीच्या मशीनमध्ये हुद्द्यांची यादी ठरलेली होती. त्यात बसेल असं काही सापडेना. शेवटी मी त्यांना 'इतर'मध्ये टाकलं. 'इतर'मध्ये तोवर बागेचा माळी आणि पाण्याचे कूलर दुरुस्त करणारे काका असे दोघे होते. मॅडमना त्या दोघांबद्दल काही तक्रार नव्हती, उलट माळ्याशी त्यांचं चांगलं जमलं. 'इतर'बद्दल मात्र होती. महिन्यातून एकदा तरी त्या माझ्या टेबलापाशी येऊन विचारायच्या, "मी अजून इतरच का गं?"

याबाबतीत त्यांना घरूनही सुख नव्हतं. मी एकदा अंबडला त्यांच्याकडं जेवायला गेले होते. टाकळकर वकील म्हणजे उंच, सडसडीत, बोलण्याची फार हौस. जेवताना त्यांनी सरळ उलटतपासणी सुरू केली. "आता वैशालीताई, तुम्हीच न्याय करा. माझ्याकडं सनद आहे. काळा कोट आहे. कोर्टात बसायला बार रूम आहे. हिच्या धंद्याला काय आहे? सनद न्हाई, कोट न्हाई, बसायला जागा न्हाई. मंग ह्याला पेशा कशाला म्हणायचं?"

मला वाटलं बाई चिडतील. त्या शांतपणे वरण वाढत म्हणाल्या, "कोटाचं सोडा. तुमच्याकडं एक गोष्ट आहे ती मला खरंच पाहिजे. तुम्ही बदमाशी केली तर तुमची सनद काढून घेणारं कुणीतरी आहे. मी बदमाशी केली तर माझं काय काढून घेणार? काढून घ्यायला आधी कुणीतरी द्यावं लागतं."

वकीलसाहेबांनी उलटतपासणी सोडून लोणचं मागितलं. त्यांच्या मानानं ते बरंच होतं.

परतीच्या बससाठी मला सोडायला आल्या तेव्हा त्या स्टँडवर म्हणाल्या, "ते चिडवतात ते खोटं न्हाई गं. पुण्यात आमच्यासारखे पुष्कळ होते, परीक्षा होत्या, सर्टिफिकिटं होती, तिथं कुणी विचारत न्हवतं. इथं मी एकटी. आता एकच कसोटी. मी गेल्यावर माझ्या खुर्चीवर दुसरं माणूस बसलं, तर हा पेशा. न्हाई बसलं, तर तो विजया टाकळकरचा छंद होता असं समजायचं." हे बोलताना त्या हसत नव्हत्या, आणि त्यांना न हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

आता त्या प्रश्नाचं सांगते. "उद्या तू आला न्हाईस तर काय अडंल?" हा प्रश्न त्या शिपायापासून शेठपर्यंत सगळ्यांना विचारत फिरायच्या. त्यांच्या दृष्टीनं ती कामाची सुरुवात होती. आमच्या लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला: माणसं कमी करायला बाई आणली आहे. मग काय, सगळी कंपनी जीव तोडून कामाला लागली आणि आपल्यावाचून सगळं कसं अडतं हे दाखवायला लागली. गोदामातल्या एकानं किल्ल्या घरी न्यायला सुरुवात केली. माल रवाना करणाऱ्या विभागातला संतोष तर तापात कामावर येऊन बसला, आणि तो तिथं बसून काय करतो हे तापामुळं त्यालाच सांगता येईना.

दोन दिवसांनी संतोषची आई धावड्याहून आली. सोबत भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. सरळ मॅडमच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "बाई, लेकराला काढू नका. त्याच्यावाचून तुमचं अडतंच की वं."

मॅडमनी तिला पाणी दिलं, शेंगा ठेवून घेतल्या आणि विचारलं, "मावशी, तुम्ही आज इकडं आल्या. घरी काय काय अडलं असंल?"

मावशींनी हिशोब मांडला. म्हैस दुसऱ्याला पान्हा सोडत नाही, म्हणजे दूध अडलं. दूध अडलं म्हणजे डेअरीवाला बोंबलणार. नातीची वेणी अडली, ती शाळेला उशिरा जाणार. मोटरीचं बटण कुठं ठोकलं की चालू होतं ते त्यांनाच ठाऊक, म्हणजे पाणी अडलं. बोलता बोलता त्या थांबल्या. "अगं माय," त्या म्हणाल्या, "म्हंजी मी आजारी बी पडू न्हाई व्हय?"

"तेच तर इचारून राह्यले मी सगळ्यांना," मॅडम म्हणाल्या. त्यांचं बोलणं समोरच्याच्या मापानं आपोआप बदलायचं.

मावशी उठल्या, थेट रवानगीच्या खोलीत गेल्या आणि सगळ्यांसमोर संतोषला म्हणाल्या, "येड्या, त्या तुला काढायला न्हाई इचारून राह्यल्या. तू आजारी पडला तर तुला घरी निजू द्यावं म्हनून इचारून राह्यल्यात. चल घरी." आणि त्याला घेऊन गेल्या. त्या दिवशी संतोषवाचून काय काय अडलं ते मॅडमनी टिपून घेतलं, आणि पुढच्या महिन्यात तो नसताना त्याचं काम सांभाळणारा दुसरा माणूस तयार झाला. एंटरप्राइज आर्किटेक्टचं काम काय असतं हे मला कुणी विचारलं तर मी अजूनही धावड्याच्या म्हशीपासून सुरू करते.

त्यांचे नकाशे कापडावर असायचे. संगणकावर होतेच, पण "संगणकातला नकाशा उघडून कुणी बघत न्हाई, भिंतीवरचा न बघता जातो कुठं," असं त्यांचं म्हणणं. कागद घड्यांवर फाटतो म्हणून जुन्या जालन्यातून मांजरपाट आणला, दोन तुकडे केले. एकावर आजची कंपनी, दुसऱ्यावर व्हायला पाहिजे ती. पहिल्याला सगळे 'आज' म्हणायचे, दुसऱ्याला 'उद्या'. शेठना ते कापड दाखवलं तर नकाशा बघायच्या आधी त्यांनी कोपरा चिमटीत धरून चोळला आणि म्हणाले, "मॅडम, कांजी जास्त आहे, फसवलं तुम्हाला." रक्तातलं जात नाही.

तर दिवाळीच्या आधी सफाई निघाली आणि झाडलोट करणाऱ्या कमलबाईंनी भिंतीवरचा कळकट कपडा बघून 'आज' धुऊन टाकला. नुसता धुतला नाही, भिजवून, घासून, नीळ घालून धुतला. सगळी कंपनी निळसर पाण्यात वाहून गेली. कमलबाई तर रडायलाच लागल्या. मॅडम दोरीवर वाळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र मांजरपाटाकडं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. उन्हाळ्यापासून किती गोष्टी बदलल्यात, मीच नव्यानं काढायचा कंटाळा करत होते." मग कमलबाईंना बसवून त्यांना विचारलं, की सफाईला कुठली खोली आधी, कुठली नंतर, ते कोण सांगतं. नव्या 'आज'मध्ये कमलबाईंचा चौकोन आला. जुन्यात तो नव्हता.

पण शेठचा खरा विश्वास बसला तो चाळणीच्या मशीनमुळं. शेठ एका प्रदर्शनाला गेले आणि बियाणं निवडून चाळणारं नवं मशीन ठरवूनच आले. जुन्याच्या दुप्पट वेगाचं. मॅडमनी त्यांना 'आज'पुढं उभं केलं. "शेठ, चाळलं की नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथं बी उगवून बघतात. निकाल आला की मंगच पिशवीला लेबल. तुम्ही चाळणी जल्दी केली, पण बी तुमचं ऐकून जल्दी उगवणार का? मंग मधला माल ठेवायचा कुठं?"

शेठ म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार विचार करता."

मशीन आलं. नारळ फुटला, पेढे वाटले, मशीन धडाधड चालायला लागलं. पोत्यांची पहिली थप्पी गोदामात लागली, दुसरी शेडमध्ये, मग पत्र्याखाली, मग व्हरांड्यात. प्रयोगशाळेत ओल्या कागदावर मांडलेलं बी आपल्या सवडीनं डोळे उघडत होतं. एका दुपारी शेठ जेवून केबिनमध्ये जरा आडवे झाले, तेवढ्यात हमालांनी जागा दिसेल तिथं पोती लावली. शेठ उठले तर दार उघडेना. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं आणि बाहेर बियाणं.

मग आम्ही सगळे मागच्या बाजूला गेलो. खिडकीच्या गजांमागं शेठ उभे. मॅडम पुढं झाल्या. मला वाटलं आता त्या म्हणणार, 'मी सांगितलं होतं.' त्या म्हणाल्या, "शेठ, तुम्ही आज बाहेर आला न्हाईत तर काय काय अडंल?"

शेठ गज धरून हसायला लागले. पोती हलवीपर्यंत त्यांना खिडकीतून चहा गेला. बाहेर आल्या आल्या त्यांनी मला सांगितलं, "वैशाली, आजपासून कुठलीही खरेदी मॅडमच्या सहीशिवाय न्हाई." 'इतर' मात्र तसंच राहिलं. हजेरीच्या मशीनवाला मुंबईचा, त्यानं यादीत नवा हुद्दा घालायला चालढकल केली आणि मीही फारसा पाठपुरावा केला नाही.

याच सुमारास त्यांनी मंडळ काढलं. जालन्यात त्यांच्यासारखं काम करणारे, पण आपण ते करतो हे माहीत नसणारे लोक त्यांनी हुडकून काढले. लोखंडाच्या कारखान्यातले जाधव, साखर कारखान्यातले घुगे, एका दवाखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या देशपांडे बाई. महिन्यातून एकदा आमच्या कँटीनमध्ये बैठक. मला चहा-फराळाची व्यवस्था म्हणून आत बसायला मिळायचं. मंडळाला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता, नियम एकच होता: आपल्या हातून झालेली एक चूक सांगितल्याशिवाय चहा नाही.

जाधवांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की त्यांनी ट्रकचा वजनकाटा संगणकाला जोडला आणि वीज गेल्यावर काय हे ठरवायचं विसरले, तर ट्रकची रांग हायवेपर्यंत गेली. त्यांना चहा मिळाला. घुगे जरा वेगळे. ते म्हणाले, "माझी चूक एकच, मी सगळ्यांवर विश्वास टाकतो."

"ही चूक न्हाई, ही स्तुती आहे," मॅडम म्हणाल्या. "घुगेसाहेबांचा चहा ठेव गं बाजूला."

घुगे रुसले, पुढच्या महिन्यात आले आणि एक अस्सल चूक सांगून त्यांनी दोन कप चहा वसूल केला. हा नियम कशासाठी, असं देशपांडे बाईंनी एकदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्याला आपली चूक काढता आली पाहिजे. त्यासाठी आपलं काम दुसऱ्याला वाचता आलं पाहिजे. ज्याच्यात चूक सापडतच न्हाई ते काम नसतं, जादू असते. आन् जादूगार मेला की खेळ खलास." त्या स्वतः सगळ्यांत आधी आपली चूक सांगायच्या. फक्त कापडाच्या बाबतीत त्यांना थोडा अभिमान होता. "बाकी पुष्कळ चुकते मी," त्या म्हणायच्या, "पण माझ्या कापडावर बाणांचा एकही रस्ता मधीच संपत न्हाई. बघा हात फिरवून." आम्ही बघायचो. नाही संपायचा.

मॅडमची साठी आली. कंपनीच्या नियमानं निवृत्ती. मॅडम महिनाभर आधीपासून शेठच्या मागं लागल्या होत्या की नवा माणूस घ्या, माझ्यासमोर घ्या. शेठ "बघू, बघू" म्हणायचे आणि विषय बदलायचे. मला वाटलं खर्च वाचवायचा विचार असेल. तसं नव्हतं. निरोपाच्या कार्यक्रमात ते उघड झालं, आणि ते त्याहून वाईट होतं.

कँटीनमध्ये मांडव घातला होता. वकीलसाहेब पहिल्या रांगेत, आज कोटाऐवजी पांढरा झब्बा. संतोषची आईही आली होती, शेंगा घेऊनच. शेठ बोलायला उभे राहिले. चाळणीच्या मशीनचा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितला, सगळे पोट धरून हसले. मग ते म्हणाले, "क्रिकेटमध्ये मोठा खेळाडू गेला की त्याचा नंबर दुसऱ्याला देत न्हाईत. मॅडमसारखं माणूस पुन्हा होणे न्हाई. म्हणून मी ठरवलं, ही जागाच आता भरायची न्हाई. त्यांची खुर्ची त्यांच्या नावानं रिकामी ठेवायची. तिच्यावर कुणी बसणार न्हाई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कमलबाईंनी पदर डोळ्याला लावला. शेठनी आपल्या परीनं कुणाला दिला नव्हता एवढा मोठा मान दिला होता. मी मॅडमकडं बघितलं. खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि चेहरा मात्र घरात काहीतरी वाईट घडल्याची बातमी यावी तसा. मला फार वाईट वाटलं. एवढ्या माणसांत त्या टाळ्यांचा अर्थ काय होतो, हे फक्त मला आणि त्यांनाच कळत होतं असं वाटलं.

त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "शेठ, नारळ मला द्या. खुर्चीला देऊ नका." लोक हसले, त्यांना ती गंमत वाटली. "मी हसायला म्हणून न्हाई बोलून राह्यले. तुमच्या आजोबांसारखं कापड मापणारं दुसरं कुणी न्हवतं. म्हणून त्यांच्या मागं मापाचा गज कुणी हातात घेतलाच न्हाई का? माझ्यासारखं कुणी न्हाई असं म्हणता, म्हणजे मी इतकी वर्षं काही केलंच न्हाई. नुसती मी होते." आणि त्या चष्मा काढून पुसायला लागल्या.

शेठ गोंधळले. मान देऊन माणूस दुखावतो हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं. तेव्हा पहिल्या रांगेतून टाकळकर वकील उठले. मला वाटलं आता हे भाषण ठोकणार. पण ते थोडकंच बोलले.

"शेठ, कोर्टात वकील गेला म्हणून अशिलाची केस बंद होत न्हाई. दुसरा वकील वकीलपत्र घेतो, आधीच्यानं मांडलेलं वाचतो आन् पुढं चालवतो. पेशा असाच चालतो." मग मॅडमकडं न बघता, "ही गोष्ट मला घरात कधी बोलायला जमली न्हाई, म्हणून इथं बोलून टाकली." आणि खाली बसले.

मॅडम त्यांच्याकडं बघतच राहिल्या. 'पेशा' हा शब्द त्या माणसाच्या तोंडून त्यांच्या कामासाठी पहिल्यांदा बाहेर पडला होता. शेठनी एकदा नवऱ्याकडं, एकदा बायकोकडं बघितलं आणि मग मला हाक मारली. "वैशाली, जाहिरात दे. पण जल्दी दे, माझं मन बदलायच्या आत."

जाहिरातीला उत्तरं आली ती काय सांगावी. 'आर्किटेक्ट' वाचून एक वास्तुतज्ज्ञ आले, त्यांनी मुलाखत द्यायच्या ऐवजी शेठच्या टेबलाची दिशा बदलायला सांगितली. बाकीचेही त्याच माळेचे. पण त्यातच रेश्मा पठाण आली. जुन्या जालन्याची, तिशीतली, पुण्यात आणि हैदराबादेत हेच काम केलेली, वडिलांना बरं नसतं म्हणून परत आलेली. शेठनी तिला विचारलं, "मॅडमना ओळखता?" ती म्हणाली, "न्हाई." मला ते उत्तर फार आवडलं, मॅडमना न ओळखताही हे काम करणारं कुणीतरी होतं. तोवर मी हजेरीच्या मशीनवाल्याचा असा पिच्छा पुरवला होता की त्यानं यादीत नवा हुद्दा घातलाच. रेश्माचं नाव मी त्याच्यापुढं लिहिलं. 'इतर'मध्ये पुन्हा माळी आणि कूलरवाले काका उरले.

मॅडम मंडळाच्या बैठकीला यायच्या थांबल्या नव्हत्या. रेश्मा आल्यानंतरच्या पहिल्या बैठकीला त्या जरा उशिरा पोचल्या, मोसंबीची पिशवी टेबलावर ठेवून मागं बसल्या. ओळख करून द्यायचं राहूनच गेलं, कारण चुकांची पाळी सुरू झाली होती. रेश्माची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "मला येऊन थोडेच दिवस झाले, माझी चूक अजून व्हायची आहे. पण एक सापडली आहे, ती सांगितली तर चालंल का?"

जाधव म्हणाले, "सांगा की."

तिनं 'आज' आणून भिंतीवर टांगलं. "हे ज्यांनी काढलं त्यांनी फार सुंदर काढलंय. पण इथं बघा. दुकानदाराची तक्रार येते, बियाणं उगवलं न्हाई म्हणून. ती विक्रीकडं येते. विक्रीवाले दुसरी पिशवी देऊन त्याला शांत करतात, बाण तिथून परत दुकानदाराकडंच. दिसायला रस्ता पुरा आहे, म्हणून कुणाच्या लक्षात येत न्हाई. पण बी उगवतं का ते बघणारी प्रयोगशाळा तर इकडं आहे. तिला हे कधी कळतच न्हाई. तक्रार गोल फिरून राह्यली."

घुगे चहाच्या किटलीकडं बघायला लागले. मॅडम उठल्या, चष्मा चढवला, कापडाजवळ गेल्या आणि त्या बाणावरून बोट फिरवलं. दुकानदार, विक्री, दुकानदार. पुन्हा एकदा फिरवलं.

"बराबर आहे," त्या म्हणाल्या. "हे मी काढलंय. किती वर्षं ह्याच्यासमोर उभी राहिले, आन् मला दिसलं न्हाई."

रेश्मा कानापर्यंत लाल झाली. "मॅडम, सॉरी, मला म्हाईत न्हवतं तुम्ही—"

"सॉरी कशाला? पेन कुठं आहे?" मी पेन दिलं. मॅडमनी ते घेतलं, टोपण काढलं, हात कापडापर्यंत नेला आणि मग पेन रेश्माच्या हातात दिलं. "तू काढ. आता हे तुझं आहे." रेश्मानं विक्रीपासून प्रयोगशाळेपर्यंत एक लांब रेघ काढली. मॅडम हात मागं बांधून बघत होत्या. "वैशाली," त्या म्हणाल्या, "हिला चहा दे. मला पण दे, चूक माझीच आहे."

संध्याकाळी मी त्यांना माझ्या स्कूटीवर स्टँडला सोडलं. वाटेत त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मला काळजी वाटत होती. अंबडची बस लागलीच होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक म्हातारबा होते, त्यांच्या हातात मोसंबी देऊन झाली, आणि मग त्यांनी फोन काढला. त्या फोनवर कायम मोठ्यानं बोलायच्या, त्यामुळं मला खाली उभं राहून सगळं ऐकू येत होतं.

"अहो, ऐकलं का? चूक निघाली माझी! कापडावर!" पलीकडून वकीलसाहेबांनी काहीतरी विचारलं असावं. "न्हाई हो, मला कशी सापडंल? तिनं काढली. माझ्या जागेवर बसलीय ना, तिनं!"

बस हलली. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या फोन कानाला लावून हसत होत्या, आणि शेजारचे म्हातारबा मोसंबी खाता खाता त्यांच्याकडं बघून उगाचच हसायला लागले होते.